पीळ पडला त्या दिवशी

बाबा गाड्यांचे मिस्त्री. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बाबा लालबागच्या एका गॅरेजात लागले आणि चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून काम करत राहिले. मी त्यांची एकुलती एक मुलगी, दादरच्या एका कॉलेजात गणित शिकवते.

कॉलेजात शिकत असताना ‘टॉर्शन’ या शब्दापाशी मी अडले होते. वक्ररेषा आपली सपाट पातळी सोडून किती वेगाने बाहेर वळते, त्याचं ते माप. सूत्र पाठ होतं, डोळ्यांपुढे मात्र काही येत नव्हतं. बाबांनी तो शब्द माझ्या तोंडून ऐकला आणि हसले. “ह्यो तर आमचो शब्द!” रविवारी मला गॅरेजात नेऊन त्यांनी एका जुन्या गाडीखाली टॉर्च धरला. एक लांब पोलादी दांडा, ‘टॉर्शन बार’. एक टोक गाडीच्या सांगाड्याला घट्ट, दुसरं चाकाच्या बाजूला. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की दांडा पिळला जातो, खड्डा गेला की पीळ सोडून पूर्ववत होतो. गाडीला धक्का बसत नाही, कारण तो दांडा स्वतः सोसतो.

“आणि ह्या बघ,” दांड्यावरची खूण दाखवत ते म्हणाले. “डावो डावीकडेच लावूचो. एकदा एका बाजूच्या पिळाची सवय झाली की दुसऱ्या बाजूक घातलो तर मोडता.”

माझ्या गणिताचा आणि त्या दांड्याचा अर्थ एक नव्हता, हे मला पुढे कळलं. पण घाबरायचं सोडून त्या शब्दाकडे बघायला मी तिथेच शिकले.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात मला व्याख्यान द्यायचं होतं. एकच शब्द गणितात, भौतिकशास्त्रात आणि गाडीत कसा वेगवेगळा वागतो, हा विषय. सकाळी मी टेबलाशी बसून स्लाइड्स नीट करत होते. तारेला टांगलेली चकती पिळून सोडली की मागेपुढे फिरत राहते, ते चित्र काही केल्या जागेवर बसत नव्हतं. बाबा येऊन शेजारी उभे राहिले.

“जरा मुरडता गो पोटात.”

“काल रात्री वडे किती खाल्लेत?” मी मान वर न करता विचारलं. “ओवा खा आणि पडून राहा.”

ते तिथेच उभे होते. मी म्हणाले, “बाबा, प्लीज. दुपारी मला बोलायचंय.”

“माका काय झाला नाय. तू तुझा लिही,” असं म्हणून ते आत गेले.

व्याख्यान चांगलं झालं. मी त्या दांड्याची गोष्ट सांगितली, ओला टॉवेल पिळून दाखवला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. नंतर चहा घेत मी बराच वेळ रेंगाळले. फोन बंदच होता. संध्याकाळी घरी आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून, गुडघे छातीशी घेऊन पडले होते. पोट नगाऱ्यासारखं ताठ. आई उशाशी बसून होती.

परळच्या हॉस्पिटलात सर्जननी तपासून सांगितलं, “आतड्याला पीळ पडलाय. रक्तपुरवठा तुटलाय. कधीपासून दुखतंय?”

“सकाळपासून,” मी म्हणाले.

त्यांनी ते कागदावर लिहिलं. ऑपरेशननंतर बाहेर येऊन म्हणाले, काळा पडलेला भाग काढलाय, पण विष अंगात पसरलंय. मी विचारलं, “दुपारी आणलं असतं तर?” ते म्हणाले, “आता तो विचार करू नका.” मला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी बाबा थोडा वेळ शुद्धीवर होते. आवाज अगदी बारीक झाला होता.

“लेक्चर कसा झाला गो?”

“छान झालं. तुमच्या दांड्याचं सांगितलं.”

“डाव्या-उजव्याचा सांगितलंस?”

“नाही बाबा. राहिलं.”

“ता सांगूक होया होता,” ते म्हणाले आणि डोळे मिटले. पाचव्या दिवशी ते गेले.

मी आईला काही सांगितलं नव्हतं. महिन्याभराने, बाबांचे शर्ट घड्या करून ठेवताना तीच बोलली. “दुपारी मी तुका फोन करूक घेतलंय, तर माझो हात धरल्यानी. म्हणाले, तिचा भाषण आसा, नको. मी शेजाऱ्यांका तरी बोलवूक होया होता. मीच चुकलंय.”

इतके दिवस ती हे एकटीने वागवत होती. मग मीही सकाळचं सांगितलं; ते शेजारी उभे होते, मी वर पाहिलंसुद्धा नाही. फोन लागलाच नसता, हेही सांगितलं. आई ऐकत राहिली. “तुझा चुकला नाय” असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. मीही तिला म्हणू शकले नाही. आम्ही दोघी त्या शर्टांच्या ढिगापाशी बसून रडलो.

कॉलेजात टॉर्शनचा धडा आता मी शिकवत नाही. सहकाऱ्याला दिलाय. त्याने कारण विचारलं, तेव्हा वेळापत्रक जमत नाही असं सांगितलं.