साडूंची गहाळ पुस्तके

पुस्तक चुकीच्या जागी ठेवण्यात माझ्या साडूंचा हात धरील असा मनुष्य अमरावतीपासून अकोल्यापर्यंत झाला नाही. अकोल्यास आमच्या सासुरवाडीत मात्र वेगळेच सांगतात: विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवी संगणकप्रणाली आली, ती यांना जमेना, म्हणून यांनी पुस्तके दडवली. हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही. प्राध्यापकी संपल्यावर मी तेथे रोज बसत असे. तेव्हा खरे काय ते माझ्याकडून ऐकावे.

साडू आयुष्यभर देवघेवीच्या खिडकीवर होते. वाचकाचे नाव त्यांना आठवत नसे, त्याची एसटी आठवे. अचलपूरच्या गाडीने येणारी मुलगी, त्यांच्या लेखी 'अचलपूरवाली', शनिवारी येते, हे ध्यानी धरून ते तिला लागणारे वनस्पतिशास्त्र बुधवारीच कायद्याच्या कपाटात, जाडजूड निवाड्यांमागे सरकवीत. नाहीतर शहरातला कोणी आधी येऊन उचलून नेई. खरी जागा ते त्या पुस्तकाच्या तालिका-पत्राच्या, म्हणजे खणातल्या नोंदीच्या कार्डाच्या, पाठीवर पेन्सिलीने लिहीत. हा उघड नियमभंग होता आणि मी तो त्यांना वारंवार सुनावला. एकदा तर मीच मागितलेला ग्रंथ एका मुलीसाठी असा दडवलेला निघाला. ते शांतपणे म्हणाले, "साडभाऊ, तुमी तं दोन गल्ल्या सोडून राह्यता. उद्या या. तिले गाडी धरावं लागते." मी दुसऱ्या दिवशी गेलो, एवढे मी मान्य करतो.

नवी प्रणाली आली, पत्रांचे खण पाठीवरच्या पेन्सिलीच्या नोंदींसकट रद्दीत गेले आणि प्रत्येक पुस्तकाची मोजदाद झाली. तेवीस पुस्तके गहाळ निघाली. साडूंच्या निवृत्तीला महिना उरला असताना त्यांची चौकशी लागली. चोर हा शब्द कोणी उच्चारला नाही; सगळ्यांनी तो नीट ऐकला.

चौकशीच्या दिवशी पुढे साडू, मागे यादी घेऊन मुख्य ग्रंथपाल बाई आणि शेवटी, न बोलावता, मी. गुडघे धरत साडू एकेक पुस्तक काढीत गेले. गुरांचे आजार संस्कृत कोशांमागून निघाले. तेविसावे आठवेना. ते स्टुलावर बसून बोटांवर गाड्या मोजू लागले, मग नकाशांच्या फडताळाकडे गेले.

"चांदूरवाली," ते पुस्तक पुसत म्हणाले. "दोन वर्सं झाली. आलीच नाही ते."

बाईंनी अहवालात 'गहाळ : निरंक' असे लिहिले. साडूंची अब्रू राहिली आणि पुस्तके आपापल्या जागी गेली.

त्या शनिवारी अचलपूरवाली आली, तेव्हा तिचे पुस्तक बुधवारीच दुसऱ्याच्या नावावर गेले होते. बाईंनी तिला घरबसल्या मोबाइलवर पुस्तक राखून ठेवायला शिकवले. मुलगी हरखली, आता खिडकीवर विचारावे लागणार नाही, म्हणाली. नियम माझ्या बाजूचा होता, तोच जिंकला.

"बरं झालं, पोरी," साडू म्हणाले.

मी त्यांना चहाला चला म्हणालो. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

"थांबा जरा. तिची गाडी निघू द्या."