मावशीने सरळ केलेली वाक्यं

खांडबाऱ्याच्या शाळेत कार्ड आलं तेव्हा मी तिसरीला पाढे सांगत होतो. वर 'श्री' नव्हतं. दामूअण्णा गेले, एवढंच पुतण्याने लिहिलं होतं. मी कार्ड खिशात घातलं आणि पाढे पुरे केले. रडू आलं नाही. महिना झाला, अजूनही आलेलं नाही...

अण्णा आमचे हेडमास्तर. शाळेबाहेर त्यांना एकच नाद. "बाई भाकरी खाते, यात क्रियापद बाईचं ऐकतं. मग बाईने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, इथे ते खाणारीला सोडून आंब्या-भाकरीच्या मागे का जातं?" पुस्तकं म्हणत, हे जुन्या कर्मणी प्रयोगाचं उरलेलं रूप. अण्णांना ते पटत नसे. घडून गेलेल्या गोष्टीवर करणाऱ्याची मालकी उरत नाही, असं त्यांचं मत. अहिराणीत लोक काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, म्हणून मी त्यांना कोरीटला माझ्या मावशीकडे नेलं. दर रविवारी मावशी भाकरी वाढी, बोले, आणि अण्णा ओसरीवर बसून लिहून घेत. नऊ वर्षं.

पण एरवी अस्सल अहिराणी बोलणारी मावशी अण्णांपुढे प्रत्येक वाक्य शाळेच्या मराठीत सरळ करून देई. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "मास्तरना पुढे गावठी कसं बोलू रे? पाव्हनाना मान शे तो." अण्णा इतके खुशीत असत, की त्यांना हे सांगायला जीभ रेटेना. खरं म्हणजे मी भ्यालो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही जरा लवकर पोचलो. कुडापलीकडे मावशी शेजारणीशी अस्सल अहिराणीत भांडत होती. अण्णा उभ्या उभ्या ऐकत राहिले. परतताना त्यांनी विचारलं, "रघुनाथ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, अण्णा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी त्यांनी नवी वही आणली. मावशीला मात्र काही कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद दिली. म्हातारीला ओशाळं वाटेल म्हणाले. ती तशीच सरळ बोलत राहिली, वही कोरीच राहिली, आणि अण्णा आजारी पडून पुतण्याकडे गेले.

परवा कोरीटला जाऊन मी तिला सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. "मास्तर गयात?" मग म्हणाली, "मन्हा हातनी भाकर खादी रे मास्तरनी... कितली गोडीनी खादी."

नंदुरबारच्या वाटेवर लक्षात आलं, मी तिचं ते सरळ न केलेलं वाक्य ओठातल्या ओठात म्हणतोय. लिहिण्याआधी अण्णा प्रत्येक वाक्य असंच दोनदा म्हणून बघत. मी स्टेशनापर्यंत म्हणतच गेलो.