झीलकरणी

माझा आवाज काही गोड नाही, पण मोठा आहे. म्हणून आमच्या बायकांच्या गायन पार्टीत मी झील धरते. पुढची बाई ओळ म्हणते, आम्ही सहाजणी मागून धृपद उचलतो, तेवढ्यात ती दम घेते आणि पुढची ओळ जुळवते. ती पुढची बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरते आणि तिथं आमची दोन गाणी होतात, एक आनंदाचं आणि एक गाऱ्हाण्याचं.

यंदाचं गाऱ्हाणं पाण्याचं होतं. गावात नवी टाकी झाली, पण आमच्या वस्तीत थेंब नाही. आदल्या दिवशी सरपंचांचा माणूस जाऊबाईंना सांगून गेला, "वैनी, तुमी गायल्या तर दादाचं काम ऱ्हाणार न्हाई." त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, गावाचं पाणी सोडतात. त्या पगारावर घर चालतं. सकाळी जाऊबाई मला म्हणाल्या, "म्या उभी ऱ्हाईन, पर गाऱ्हाण्याला तोंड उघडणार न्हाई."

मला असा राग आला! पहिलं गाणं जाऊबाईंनी कसंबसं उरकलं आणि गाऱ्हाणं मी एकटीनंच सुरू केलं, "पाणी कुठं गेलं गं बाई, पाणी कुठं गेलं?" बाकीच्यांनी उचललं. आणि झाली पंचाईत! आम्हाला धृपदाशिवाय काही येतच नव्हतं. पुढच्या ओळीची जागा रिकामी. ढोलकी वाजतेय, अख्खी ग्रामसभा वाट बघतेय, जाऊबाई खाली बघतायत. पुन्हा धृपद, पुन्हा रिकामी जागा. हळूहळू सगळ्यांच्या माना सरपंचांच्या खुर्चीकडे वळल्या.

त्यांना राहवलं नाही. "टाकीत हाय पाणी!" ते ओरडले.

"पाणी कुठं गेलं गं बाई..."

"पाइप आला न्हाई अजून!"

बराबर ठेक्यात! लोक पोट धरून हसायला लागले. सरपंच आमचे पुढचे गायक झाले होते आणि त्यांच्या ध्यानातही नव्हतं. माझी थंडी कुठल्या कुठे पळाली. शेवटी ते घायकुतीला येऊन म्हणाले, "पंधरा दिसांत सोडतो पाणी, बास करा!" ग्रामसेवकांनी ते मुकाट्यानं ठरावाच्या वहीत लिहून टाकलं.

आम्ही थांबणार, तोच माझ्या कानाशी एक ओळखीचा सूर लागला. जन्मात कधी मागं न उभ्या राहिलेल्या जाऊबाई आमच्यात मिसळून गात होत्या. सरपंच त्यांच्याकडे रोखून बघत होते. मी घाबरून जाऊबाईंचा हात दाबला, "अक्का, गप. भाऊजींचं काम जाईल."

"गाणं तर सरपंचानं म्हणलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "म्या नुसती झील धरली." आणि पुन्हा सूर लावला.