उडणाऱ्या राजाचा दोर

मी भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो.

पन्नासच्या दशकात मी मंगरूळपीरला मास्तर होतो. पंख बांधून उडालेला आणि पडून मेलेला ब्रिटनचा एक दंतकथेतला राजा. त्याच्यावरचं लंडनचं जुनं नाटक कधीच हरवलं, असं कॉलेजात ऐकलं होतं. ते मीच मनानं रचून मराठीत लिहिलं. नसती उठाठेव, दुसरं काय!

पैसा गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी लावला. अट एकच, राजा तेच होणार आणि खरोखर उडणार. मालक अडीच मणांचे. जिनिंगच्या आवारात गाठी उचलायची कप्पी होती. तिच्यावरून दोर घ्यायचा आणि पडद्यामागे चार गड्यांनी तो धरायचा, असं ठरलं. खाली कापूस पसरू म्हटलं, तर मालक उखडले, "राजा कापसावर पडते काय, मास्तर?"

प्रयोगाच्या दिवशी नारळ फुटला. मी सहज दोराला हात लावला, तर तळवा पिवळा आणि तुपकट. मालकांचा म्हातारा सालदार कौतुकानं म्हणाला, "पोळ्याले बैलाची खांदशेकणी करतो नं आपन? आज वजं याच्यावर पडून राह्यलं, म्हून यालेबी तूप-हयद चोळली."

 असा दोर हातात ठरणार कसा? प्रयोग थांबवायलाच हवा होता. पण नारळ फुटल्यावर थांबवलं तर मालक अपशकुन म्हणून सगळंच गुंडाळतील, माझं नाटक पुन्हा हरवेल, याची मला जास्त भीती वाटली. मी धोतराला हात पुसला आणि विंगेत जाऊन उभा राहिलो.

मालक वर गेले. लोक ओरडू लागले. गड्यांच्या मुठीतून दोर वीतवीत सरकताना मी पाहत होतो. मग तो एकदम सुटला. मालक फरशीवर आपटले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बुढा म्हनते, दोराले तूप चोळल्याचं त्यानं तुमाले सांगतलं होतं. खरं हाय काय?"

सालदार दारातच उभा होता, माझ्याकडे बघत.

"नाही," मी म्हणालो.

मास्तर खोटं बोलेल असं कुणाला वाटणार? अठरा वर्षं राबलेला तो म्हातारा त्याच दुपारी बोचकं घेऊन निघून गेला.