केतकीची दहावी धरणार का?

परगावी राहणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. गावाकडे एखाद्याच्या घरी काही झालं की ते चार गल्ल्यांत वाटलं जातं. लखनौत आम्ही मराठी घरं मोजकी, अलीगंज आणि विकास नगरात विखुरलेली. दर रविवारी कोणाच्या तरी घरी पोहे व्हायचे आणि जो विषय निघेल तो सगळ्यांनी मिळून चघळायचा. नव्वदच्या दशकातला एक अख्खा उन्हाळा आम्ही एकाच प्रश्नावर काढला. युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशनला दहावीचे मार्क धरतात की नाही?

प्रश्न घोरपड्यांच्या केतकीचा होता. घोरपडे माझ्याच बँकेत. कराडहून बदली होऊन आले तेव्हा केतकी नववीत होती. आल्या आल्या पुढ्यात यूपी बोर्डाची हिंदी! दहावीत बाकी विषयांत पोरगी उत्तम, पण हिंदीत काठावर, आणि त्यामुळे सगळी दहावीच सेकंड डिव्हिजनमध्ये घसरली. आता बारावी झाली होती आणि तिला बी.एस्सी. करायचं होतं. घोरपड्यांनी जाहीर केलं होतं, "इथं ॲडमिशन मिळाली तर ठीक. नाहीतर कराडला, माझ्या थोरल्या भावाकडं!"

केतकीला कराड नको होतं. एके दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती ढसाढसा रडली. "काकू, हम कराड नहीं जाएंगे। आप पापा को समझाइए ना।" मला फार वाईट वाटलं. ज्या पोरीला हिंदीनं बुडवलं होतं, तिला आता रडायलासुद्धा हिंदीच लागत होती!

*

हिंदीसाठी शिकवणी लावली नव्हती असं नाही. एक मास्टरजी संध्याकाळी घरी यायचे. धोतर, टोपी, अतिशय विद्वान माणूस.

पण घोरपडे वहिनी पडल्या कराडच्या. शिकवायला आलेला माणूस उपाशी परत जाणं त्यांना पटणारं नव्हतं. पहिल्या दिवशी चहा. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर थालीपीठ. तिसऱ्या दिवशी भाकरी, पिठलं आणि ठेचा.

ठेच्यापाशी अभ्यास अडला. "ये क्या चीज़ है, बहनजी?" मास्टरजींनी डोळे पुसत विचारलं. मग तो कशाचा करतात, कसा ठेचतात, लसूण किती, हे सगळं समजावण्यात तास संपला. पुढच्या तासाला झुणक्याची चौकशी झाली. केतकी समोर कवितेचं पुस्तक उघडून बसलेली असायची आणि मास्टरजी स्वयंपाकघराकडे तोंड करून.

परीक्षा जवळ आली तोवर मास्टरजी आतल्या खोलीकडे बघून खणखणीत मराठीत म्हणायला लागले होते, "वहिनी, आज ठेचा कमी तिखट आहे!"

केतकीचा निकाल लागल्यावर आमच्या रविवारच्या मंडळातले चिटणीस साहेब म्हणाले, "घोरपडे, पेपरला चुकीचा माणूस बसवलात. मास्टरजींना मराठीच्या परीक्षेला बसवलं असतं तर डिस्टिंक्शन होतं!"

*

दोन वर्षांनी बारावीचा, म्हणजे तिकडच्या भाषेत इंटरचा, निकाल लागला. तेव्हा निकाल पेपरात छापून यायचा, डिव्हिजनवार नुसते रोल नंबर. अलीगंजच्या चौकात पेपरवाल्याभोवती ही झुंबड. त्या गर्दीतून घोरपडे शर्टाची दोन बटणं गमावून बाहेर आले. केतकी फर्स्ट डिव्हिजन!

शेजारच्या श्रीवास्तव आंटी मिठाईचा डबा घेऊन धावत आल्या. बघतात तर घोरपडे पायरीवर गालाला हात लावून बसलेले.

"भाईसाहब, बिटिया फर्स्ट आई है। मुँह क्यों लटका रखा है?"

"वो बराबर है," घोरपडे म्हणाले, "पण दसवी में सेकंड था ना!"

आंटींनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "तो दो साल पहले लटकाते! आज तो मीठा खाइए।"

*

दहावी धरत नाहीत, या पक्षाचे पुढारी म्हणजे चिटणीस साहेब. रेल्वेत इंजिनिअर, कडक इस्त्रीचा माणूस. बोलताना असं बोलत, जणू सगळ्या युनिव्हर्सिट्या त्यांना विचारून नियम करतात.

एका रविवारी पोह्यांची दुसरी बशी घेत ते म्हणाले, "अहो, दहावी कोण विचारतं? माणूस पुढे गेला की मागचं पुसलं जातं. माझंच बघा. इतकी वर्षं नोकरी झाली, प्रमोशनं झाली, पण आजवर एका माणसानं मला दहावीचे मार्क विचारले नाहीत!"

घोरपड्यांचा चेहरा जरा उजळला.

तेवढ्यात चिटणीस वहिनी लिंबू पिळता पिळता शांतपणे म्हणाल्या, "माझ्या बाबांनी विचारले होते."

चिटणीस साहेबांनी बशीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"मग?" मी विचारलं. असा मासा गळाला लागल्यावर सोडणारी मी नव्हे!

"मग काय, लग्न वर्षभर लांबलं. बाबा म्हणाले, मुलगा बरा आहे, पण आणखी दोन स्थळं बघू."

घोरपड्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

*

शेवटी ठरलं, युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर जाऊनच विचारू. घोरपडे आणि चिटणीस दोघंही गेले, पण वेगवेगळ्या दिवशी. चिटणीसांना घोरपड्यांच्या स्कूटरवर मागे बसणं मंजूर नव्हतं.

घोरपडे परत आले ते पडलेल्या तोंडानं. "धरतात. मी स्वतः विचारलं, दसवी के मार्क गिनेंगे ना? बाबूजी म्हणाले, बिल्कुल गिनेंगे, साहब!"

दुसऱ्या दिवशी चिटणीस आले ते मिशीवर ताव देत. "नाही धरत! मी विचारलं, दसवीं तो नहीं गिनते होंगे? ते म्हणाले, अरे नहीं साहब, बिल्कुल नहीं!"

खिडकी तीच, बाबूजीही तेच. दोघांचं असं जुंपलं की पोहे गार झाले. एकमेकांना "तुम्हाला ऐकू येत नाही" इथपर्यंत मजल गेली.

मी म्हटलं, पुरुषांना नीट विचारता येत नाही, हेच खरं. लंच टाइममध्ये मी स्वतः गेले. खिडकीमागे पानानं ओठ लाल झालेले एक वयस्कर गृहस्थ. मला बघून उठून उभे राहिले, आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. माझं माहेर सोलापूरचं. सरकारी कचेरीत कुणी खुर्ची पुसून देतं, हे मला लखनौनंच दाखवलं.

मी अगदी दोन्ही बाजूंच्या पळवाटा बंद करून विचारलं. "देखिए, मुझे साफ-साफ बताइए। दसवीं के नंबर गिनते हैं, या नहीं गिनते?"

बाबूजी अवघडले. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. दारी आलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही, ही त्या शहराची रीत. आणि मी कुठलं उत्तर हवंय ते सांगितलंच नव्हतं!

बराच विचार करून, छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "मैडम, जैसा आप मुनासिब समझें।"

म्हणजे मला योग्य वाटेल ते! मी चहा पिऊन परत आले.

*

इकडे कराडहून घोरपड्यांच्या थोरल्या भावाचे, दादासाहेबांचे, निरोपावर निरोप. "पोरगी कधी धाडतोस?" म्हणून घोरपडे सगळ्यांना घेऊन विकास नगरच्या एसटीडी बूथवर गेले. काचेच्या त्या खोक्यात घोरपडे, वहिनी आणि केतकी तिघं कशीबशी मावली. मी दार धरून बाहेर.

दादासाहेबांचा आवाज असा की फोन नसता तरी कराडहून ऐकू आला असता. "आरं, कशाला त्या परमुलखात खेटे घालतूस? हितं सगळी वळखीची मानसं हाईत. पोरीला गाडीत बशीव!"

"होय दादा, होय दादा," घोरपडे म्हणत राहिले. बँकेत मॅनेजरला उलट उत्तर देणारा हा माणूस भावासमोर मान वर करायचा नाही.

केतकीचा धीर सुटला. तिनं रिसीव्हरच ओढून घेतला. "देखिए, हम नहीं आएंगे! हमको यहीं पढ़ना है, बता दे रहे हैं!"

पलीकडून दादासाहेब गरजले, "ओ बाई! कोन तुम्ही? मधीच लाइन घुसली वाटतं कुनाची तरी. फोन ठिवा, आमचं घरचं बोलनं चाललंय!"

आणि त्यांनीच फोन आपटला.

घोरपडे रिसीव्हरकडे बघत बसले. बूथवाला म्हणाला, "दोबारा लगा दें, साहब?" घोरपडे वहिनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठसक्यात हिंदी बोलल्या. "नहीं! रहने दो!"

*

पहिल्या यादीत केतकीचं नाव आलं नाही. वहिनींनी जेवण टाकलं. घोरपड्यांनी गाडीच्या तिकिटाची चौकशी सुरू केली. मग कळलं की थोड्या जागा शिल्लक आहेत आणि काठावरच्या मुलांना आईवडिलांसह भेटायला बोलावलंय. वहिनींना हिंदीची धास्ती, म्हणून त्यांच्याऐवजी मी गेले. जाताना रिक्षात केतकीनं माझा हात सोडला नाही.

आत टेबलामागे तिघं प्रोफेसर. मधले विभागप्रमुख, पांढरेशुभ्र केस, सोनेरी चष्मा. त्यांनी केतकीच्या मार्कशीट उलटसुलट केल्या. बारावीच्या मार्कशीटवर मान डोलावली. दहावीच्या मार्कशीटवर त्यांचं बोट थांबलं.

"हिंदी में इतने कम, बेटी?"

केतकीनं तोंड उघडलं, पण त्याआधी घोरपडे उभे राहिले. आम्ही रात्रंदिवस बजावलं होतं की तुम्ही बोलू नका. पण बापाचं काळीज!

"साब, इसका कुछ गलती नहीं! हमारा बदली हुआ ना, एकदम अचानक! मैं बोला साब को, बच्ची का शाळा है, बाद में भेजो, तो वो ऐकाच नहीं! फिर सामान ट्रक में, ट्रक झांसी में बंद पड्या, और ये नववी में! पुस्तक सब ट्रक में! और ये हिंदी का तो क्या है साब, अपने को लगता है आती है, पण बोलने को गया तो तारांबळ होती है! घर में कोण बोलेगा? इसकी आई को तो बिल्कुल नहीं आती, जो है वो मेरे को ही आती है, तो मैंने ही इसको घर में शिकवा!"

तिन्ही प्रोफेसर अतिशय अदबीनं ऐकत होते. एकानं मध्ये रुमाल तोंडाला लावला. मी खाली फरशीकडे बघत होते. घोरपडे श्वास घ्यायला थांबले, कपाळ पुसलं आणि बसले.

विभागप्रमुख केतकीकडे वळून हळूच म्हणाले, "बेटी, पिताजी क्या फ़रमा रहे हैं?"

केतकीनं एकदा बापाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठावर हसू. ती उठून उभी राहिली.

"जी, पापा कह रहे हैं कि दसवीं तक हिंदी हमने इन्हीं से सीखी थी।"

विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दहावीची मार्कशीट उचलून सगळ्यांत खाली ठेवली आणि पेनाचं टोपण काढून सही केली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर केतकी माझ्या गळ्यात पडली. घोरपडे कॉलर सैल करत, छाती पुढे काढून मला म्हणाले,

"बघितलंत ना वहिनी? ऐन वेळेला मी बोललो म्हणून काम झालं!"