डब्यावरची चादर

आमच्या कारखान्यातला डबा दर तासाला एक स्नॅपशॉट घेतो आणि आमच्या डिझाइनच्या खोलीत दर तासाला एक किस्सा घडतो. डब्यातले जुने स्नॅपशॉट महिन्याभरात आपोआप पुसले जातात. किस्से मात्र साठतच जातात, म्हणून थोडे इथे रिकामे करतो.

डबा म्हणजे सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारं नेटवर्कवरचं स्टोरेज. स्नॅपशॉट म्हणजे त्या तासाला फाइली जशा होत्या तशी त्यांची नोंद. चादरींची आणि टॉवेलांची सगळी डिझाइनं त्यात. चाळीस वर्षं डिझाइन काढणारे नरसय्या अण्णा, त्यांची फाइल मागासाठी तयार करणारी वैशाली आणि कॉम्प्युटर सांभाळणारा मी, एवढीच आमची खोली. अण्णांचे जुने ग्राफपेपर वाळवीने कधीच संपवले. जे स्कॅन झालं ते वाचलं. म्हणजे अण्णांची सगळी कमाई त्या डब्यात.

*

अण्णा नातीच्या लग्नासाठी मोराची चादर काढायला बसले होते. पहिल्याच आठवड्यात मोराची मान चुकून पुसली गेली आणि वर त्यांनी फाइल सेव्हही केली. मी डब्यातला अकरा वाजताचा स्नॅपशॉट उघडला आणि मान परत आणली. पाच मिनिटांचं काम.

तेव्हापासून अण्णा बेफिकीर. बिनधास्त पुसायचे आणि म्हणायचे, "अकराचं आण की."

एकदा जेवताना वैशालीचा धक्का लागून त्यांची शेंगाचटणी फरशीवर सांडली. अण्णांनी आधी चटणीकडे पाहिलं, मग शांतपणे माझ्याकडे.

"अकराचं आण की."

*

मालकांना बॅकअपसाठी वेगळी डिस्क पटेना. दर तासाला स्नॅपशॉट होतोय, मग आणखी एक कॉपी कशाला? मी सांगितलं, स्नॅपशॉट त्याच डब्यात असतो. डबा गेला की तोही गेला. घराची जादा किल्ली घरातल्याच खुंटीला अडकवून बाहेर पडण्यासारखं आहे हे.

डिस्क दुसऱ्याच दिवशी आली. मागाहून कळलं, त्याच आठवड्यात ते सहकुटुंब स्वतःच्या दाराबाहेर तासभर उभे होते!

*

दर शनिवारी बॅकअप घेणं वैशालीकडे आलं. दोन आठवड्यांनी मी विचारलं, डिस्क कुठे असते? तिने अभिमानाने दाखवली. डब्याच्या डोक्यावर, रबरबँडने डब्यालाच बांधलेली.

"कपाटात ठेवली तर हरवंल की, दादा. हितं डोळ्यासमोर राहती."

वैशाली मोडनिंबची, कामाला चोख, पण माझी किल्लीची गोष्ट मला तिलाही सांगावी लागली. मग डिस्क शुक्रवार पेठेत तिच्या घरी जाऊ लागली. एवढी जपायची वस्तू म्हणजे मौल्यवानच असणार, असं म्हणून सासूबाईंनी ती दागिन्यांच्या कपाटात ठेवली. तेव्हापासून दर शनिवारी वैशालीला बॅकअपसाठी सासूबाईंची परवानगी काढावी लागते.

*

आणि मग तो मे महिन्यातला शुक्रवार. नातीचं लग्न रविवारी. अण्णांच्या चादरीसाठी मालकांनी शनिवारचा एकच दिवस एक माग मोकळा ठेवला होता. दुपारी सगळ्यांच्या फाइली एकदम दिसेनाशा झाल्या. मी डब्याकडे धावलो, तर डब्यावर आमचीच जाड चादर, दुहेरी घडी घालून, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

शेजारी मागांची खोली, कापसाचे तंतू सारखे उडतात. आपल्याकडे टीव्ही, मिक्सर, जे जे जपायचं त्याच्यावर चादर पडतेच. अण्णांनी सकाळी मोठ्या मायेने डबा झाकला होता. डब्याच्या आतल्या दोन्ही डिस्क तापून निकामी झाल्या होत्या.

अण्णा माझ्या हातातल्या चादरीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अकराचं आण की."

कोणी हसलं नाही. अकराचंही डब्यातच होतं, हे मला सांगावं लागलं.

वैशाली घरी गेली आणि सासूबाईंकडून डिस्क घेऊन आली. चाळीस वर्षांचं काम तिच्या कॉम्प्युटरवर एकेक करून उघडलं. मोरही उघडला, पण मागच्या शनिवारचा. मान होती, तुरा होता, पाय होते. पिसारा अण्णांनी सोमवारपासून काढला होता. तो पाच दिवसांचा पिसारा कुठेच नव्हता.

अण्णांनी चष्मा पुसला, स्क्रीनजवळ वाकून बराच वेळ पाहिलं आणि वैशालीला म्हणाले, "हेच लाव मागावर."

रविवारी सकाळी, नवरदेव यायच्या आधी, नातीने सगळ्यांसमोर चादर उलगडली. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

"तातय्या, मोराचा पिसारा कुठाय?" तिने आजोबांना विचारलं.

"मोर कुठला? लांडोर हाय ती," अण्णा म्हणाले. "मोर आत्ता येईल की मांडवात."