घेवड्यावरचा मावा आणि पखालीची धार

गंमत मागल्या पौर्णिमेची, आमच्या परड्यातली. अक्षर सांभाळून घ्या, शाळा मी लांबूनच पाहिली आहे...

तर सून सुंदरा पोटुशी. डोहाळे चिंचेचे नाहीत, आवळ्याचे नाहीत... परड्यातल्या घेवड्याचे. आणि नेमका वेलावर मावा पडला, ती बारीक काळी कीड. शेंडे काळे, चिकट, फुलं गळायला लागलेली... पोर रोज वेलाखाली जाऊन उभी राहायची.

मी चुलीतली राख उधळली. मावा राखेत लोळून तसाच. आंबट ताक शिंपडलं, नुसता वास सुटला. हिंगाचं पाणी मारलं, तर शेजारीण विचारते, आज फोडणी कशाला?

शेवटी माझ्या मिश्रीची तंबाखू भिजत घातली. ते पाणी मात्र लागू पडलं. मावा गळाला, आणि मी गल्लीभर मिरवून आले.

होत्या तेवढ्या शेंगांची भाजी केली, तर सुंदरानं ताट सरकवलं. "आत्याबाई, ज्यानं किडं मेलं त्ये माझ्या पोटात नगं."

"अगं, मी रोज दातांना लावते की."

"व्हय, आन् दात किती ऱ्हायल्यात?"

भाजी उकिरड्यात गेली. वर चार दिवसांत नव्या शेंड्यांवर मावा पुन्हा हजर.

त्या पौर्णिमेच्या सकाळी इमामभाई पखाली रंकाळा तळ्याचं पाणी घेऊन आला. पाठीवरच्या कातडी पखालीचं तोंड मुठीत धरून तो वेलाच्या बुडाशी आळ्यात पाणी सोडत होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून महाराजांचा शिकारीसाठी पाळलेला चित्ता फिरायला निघाला... डोळ्यांवर पट्टी, दोन्हीकडं दोरी धरलेले चित्तेवान, रुबाब असा की जावईच.

इमामभाई दचकून मागं सरकला. मूठ आवळली गेली, आणि धार सर्रकन वेलावर.

"आरं, वेल मोडला की माझा."

"आक्का, वेलाचं काय घिऊन बसलायसा, हितं माझा जीव हाय."

चित्ता गेला आपल्या वाटेनं. मी वेल चाचपायला गेले, तर शेंडे हिरवेगार... मावा सगळा खाली चिखलात.

मग काय, इमामभाईला रोज चहा, आणि वेलाला रोज धार. पानांच्या खालच्या अंगानंही मारायची, हे मात्र माझं डोकं. मावा अधूनमधून दिसतो अजून, पण फुलं टिकली, शेंगा धरल्या.

काल सुंदरा जेवायला बसली. शेंग बोटात धरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, नुसतं पाणी गं. मग अशी जेवली म्हणता... मला भाजी उरलीच नाही. कोरडी भाकरी एवढी गोड मला कधी लागली नव्हती.

बायांनो, घरचे उपाय लागू पडतात, नाही असं नाही. पण किडा मरतो का हे विचारायच्या आधी, ती शेंग कुणाच्या पोटात जाणार एवढं विचारा...